चाबूकवाल्याचा चेहरा

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा कागद ही नवलाची वस्तू होती, आणि रंगीत चित्र पाहायचं तर राजवाड्यात किंवा चर्चमध्येच जावं लागे. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

दूर उत्तरेला, जर्मन मुलखात, एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. त्या गावात लीनहार्ट नावाचा कारागीर राहत असे. तो लाकडावर चित्रं कोरी. नासपतीच्या लाकडाचा गुळगुळीत ठोकळा घ्यायचा, त्यावर येशूची किंवा एखाद्या संताची आकृती कोरायची, उंच ठेवलेल्या रेषांना काळी शाई लावायची आणि ओलसर कागद वर दाबायचा. कागद उचलला की त्यावर चित्र उमटलेलं असे. एका ठोकळ्यातून अशी शेकड्यांनी चित्रं निघत.

त्यांत रंग भरायचं काम त्याची बायको ब्रिगिटा करी. झग्याला लाल, गवताला हिरवा, डोक्यामागच्या तेजोवलयाला पिवळा. काळ्या रेषांच्या त्या कागदावर तिची कुंचली फिरली, की चित्रातली माणसं आता बोलतील असं वाटे.

साध्या माणसांच्या घरात तेव्हा दुसरं चित्रच नसे. त्यामुळे लोक हे कागद जिवापाड जपत. कोणी ते पलंगाच्या उशाशी चिकटवी, कोणी पेटीच्या झाकणाला आतून लावी. दूरच्या प्रवासाला निघणारा माणूस अंगरख्यात शिवून घेई. सकाळ-संध्याकाळ सगळं घर त्या चित्रापुढे गुडघे टेकी. वाचता कोणालाच येत नसे. चित्रात जे दिसतं ते तसंच घडलं, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच गावात उल्रिख नावाचा नावाडी होता. माणूस दणकट, तांबड्या दाढीचा. लहानपणी वल्ह्याचा फटका बसून त्याचं नाक उजवीकडे वाकलं होतं आणि एका भुवईत खोल खाच पडली होती. त्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून एल्स नावाची लेक त्याने एकट्यानेच वाढवली. तो नाव हाकायला निघाला की ती काठावर बसून राही, आणि तो परतला की त्याच्या मांडीवर चढून त्याची ओली दाढी पिळी. उल्रिख मनाने भला होता, पण जे दिसेल ते तोंडावर बोलून टाकायची त्याला सवय होती.

एकदा लीनहार्ट पलीकडच्या गावाहून कोऱ्या कागदाचा मोठा गठ्ठा घेऊन आला. नदीला पाणी चढलं होतं.

उल्रिख म्हणाला, "आज थांब. पाणी उतरलं की नेतो तुला."

"मला घाई आहे," लीनहार्ट म्हणाला. "तुला भीती वाटत असेल तर तसं सांग."

उल्रिखने मुकाट्याने नाव सोडली. मध्यावर एक मोठी लाट आली, नाव कलंडली, गठ्ठ्याची गाठ सुटली आणि कागद पाण्यात गेले. काठावर पोचताच लीनहार्टने भर बाजारात उल्रिखला बोल लावायला सुरुवात केली.

उल्रिखने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "मी थांब म्हणालो होतो. आणि गठ्ठा तू बांधला होतास. गाठ ढिली होती, ती मला चढतानाच दिसली. तेव्हाच बोललो असतो, तर तू तेही ऐकलं नसतंस."

ऐकणारे हसले. कोणीतरी म्हणालं, "खरं आहे त्याचं."

खरंच होतं ते. लीनहार्टला ते कळत होतं, आणि म्हणूनच तो शब्द त्याच्या मनातून जाईना.

पुढे हिवाळा सरत आला, तेव्हा डोंगरावरच्या मठातून निरोप आला. ईस्टरच्या आधी लोकांना वाटायला आणि विकायला एक नवं चित्र हवं होतं. येशूला खांबाला बांधलं आहे आणि एक क्रूर माणूस त्याला चाबकाने मारतो आहे, असं ते चित्र.

लीनहार्ट कोरायला बसला. येशूचा चेहरा त्याने फार मन लावून कोरला. मग चाबूकवाल्याचा चेहरा कोरायची वेळ आली, आणि त्याचा हात थोडा थांबला. त्याला बाजारातलं ते हसू आठवलं. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं येतं. लीनहार्टने नाक डावीकडे वाकवलं, म्हणजे कागदावर ते उजवीकडे वाकलेलं दिसेल. भुवईत खाच पाडली. दाढी रुंद कोरली.

पहिला कागद ब्रिगिटाच्या हातात आला तेव्हा ती कुंचली तशीच धरून बसली.

"हा तर आपला उल्रिख," ती म्हणाली.

"चाबूकवाल्याला कुठलं तरी तोंड हवंच ना," लीनहार्ट म्हणाला. "दाढी तांबडी रंगव."

"अहो, हे बरं नाही. देवाच्या चित्रात असं करू नये."

"गंमत आहे गं. गावातली चार माणसं हसतील आणि विसरून जातील."

ब्रिगिटाला ते पटलं नव्हतं. पण मठाला चित्रं लवकर हवी होती, आणि नवऱ्याशी वाद घालायचा तिला कंटाळा आला होता. तिने लाल रंग कालवला आणि दाढी रंगवली. पहिली रंगवली, दुसरी रंगवली, मग ती मोजेनाशी झाली.

चित्रं गावात आली. ज्यांनी ओळखायचं त्यांनी ओळखलं आणि तोंडावर हात ठेवून हसले. उल्रिखला कोणी काही बोललं नाही. त्या काळी आरसे श्रीमंतांकडेच असत. आपलं तोंड कसं दिसतं हे उल्रिखला नीटसं माहीत नव्हतं.

एके सकाळी तो लीनहार्टच्या दुकानात आला. भांडणानंतर पहिल्यांदाच.

"झालं गेलं सोडून दे," तो म्हणाला. "तुझ्यासारखं काम या मुलखात कोणाचं नाही. एक चित्र दे मला. एल्सच्या उशाशी लावतो."

लीनहार्टने चित्र दिलं. उल्रिखने ते दोन्ही हातांनी घेतलं, येशूच्या पायांना ओठ लावले आणि जपून गुंडाळी केली. त्याची पाठ वळली तेव्हा लीनहार्टला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. त्याला नुसतंच कसंतरी झालं, आणि तो पुन्हा कामाला लागला.

थोड्या दिवसांनी लीनहार्ट गठ्ठा पाठीवर घेऊन नदीच्या वरच्या अंगाच्या खेड्यांकडे निघाला. तिथल्या लोकांनी उल्रिखला कधी पाहिलेलं नव्हतं. दुपारी तो एका शेतकऱ्याच्या घरी टेकला. घरात एक म्हातारी होती, प्रेमळ, थरथरत्या हातांची. तिने त्याला गरम दूध दिलं, पायांशी उबदार दगड ठेवला. भिंतीवर त्याचंच चित्र होतं. मठातून कोणीतरी आणून दिलेलं.

लीनहार्ट अभिमानाने जवळ गेला, आणि दचकून मागे सरला.

चाबूकवाल्याला चेहराच उरला नव्हता. डोळ्यांच्या जागी भोकं पडली होती. गाल खरवडून कागदाचे धागे निघाले होते. वाकडं नाक तेवढं शाबूत होतं, आणि तांबडी दाढी.

"आजी, हे कोणी केलं?"

"आम्हीच," म्हातारी शांतपणे म्हणाली. "प्रार्थना झाली की घरातलं एकेकजण त्याला सुई टोचतं. आमच्या प्रभूला मारतो मेला. नाक ठेवलंय, म्हणजे पुढेमागे दिसला तर ओळखता येईल."

तिचा नातू चुलीपाशी बसला होता. तो म्हणाला, "मला दिसला तर मी दगडच घालीन त्याला."

म्हातारीने त्याच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

लीनहार्टने दूध खाली ठेवलं. "अगं आजी, ते चित्र आहे. तो माणूस मरून हजाराच्या वर वर्षं झाली."

"मठातून आलंय ते," म्हातारी म्हणाली. "खोटं कसं असेल?"

हा चेहरा आमच्या नावाड्याचा आहे, मी रागाने कोरला, एवढंच त्याला सांगायचं होतं. तो बोलला नाही. घरच्यांनी त्याला वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि तो पुढे निघाला. पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरात चाबूकवाल्याच्या तोंडावर मेणबत्तीने डाग दिला होता. एका घरात तर आईने कडेवरच्या बाळाचा हात धरून त्याच्याकडून चाबूकवाल्याच्या तोंडावर थप्पड मारून घेतली आणि सगळे कौतुकाने हसले. लीनहार्ट तिथून चित्र न विकताच बाहेर पडला.

तो गावी परतला तेव्हा उल्रिख त्याच्या कामाच्या खोलीत बसलेला होता. समोर ब्रिगिटा मान खाली घालून उभी होती.

उल्रिखने ते चित्र मांडीवर पसरलं. "एल्स माझ्याजवळ येत नाही," तो म्हणाला. "आधी वाटलं बरं नसेल. काल मला विचारते, बाबा, तू त्यांना का मारलंस? मी म्हटलं, कोणाला? तिने हे दाखवलं."

लीनहार्टने पाठीवरचा गठ्ठा खाली ठेवला.

"मी नदीवर गेलो. पाणी संथ होतं तिथे वाकून पाहिलं. मग हे पाहिलं. पुन्हा पाण्यात पाहिलं." उल्रिखचा आवाज चढलेला नव्हता. "हा मीच आहे का, लीनहार्ट?"

"कोणीही असू शकेल. वाकड्या नाकाची माणसं काय कमी आहेत?"

"तुझी बायको मला खरं सांगून बसलीय."

लीनहार्टने ब्रिगिटाकडे पाहिलं.

"गंमत केली होती मी," लीनहार्ट शेवटी म्हणाला.

"बरं. मग गंमत झाली. आता तो ठोकळा तासून टाक. माझ्या लेकीची समजूत मी काढीन."

"तासतो," लीनहार्ट म्हणाला. उल्रिख उठला आणि निघून गेला. ते चित्र त्याने तिथेच ठेवलं.

मुलांनो, इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. लीनहार्टला वाईट वाटत होतं, खरोखरच वाटत होतं. पण ईस्टरची जत्रा तोंडावर आली होती, मठाला आणखी चित्रं हवी होती, आणि नवा ठोकळा कोरायला वेळ नव्हता. एवढी एक खेप काढू, मग तासू, असं त्याने ठरवलं.

ब्रिगिटाने कुंचल्या धुऊन फडताळात ठेवून दिल्या. "मी रंगवणार नाही," ती म्हणाली. "रेषा तुमच्या होत्या, पण ती दाढी मी रंगवली. एकदा केलं ते पुरे झालं."

मग लीनहार्टने स्वतःच रंग भरले. त्याला तिच्यासारखं बेताने रंगवता येत नसे. दाढ्या पहिल्यापेक्षा जास्तच लालभडक झाल्या. ती सगळी खेप मठाने उचलली आणि नदीच्या दोन्ही तीरांना पोचती केली.

येशूच्या मरणाचा शुक्रवार आला. त्या दिवशी लोक मठात दर्शनाला येत, आणि सगळ्यांना नदी ओलांडावी लागे. या वर्षी चित्राच्या ओढीने वरच्या अंगाच्या दूरदूरच्या खेड्यांतले लोकही पहिल्यांदाच आले होते. सकाळपासून उल्रिख नाव हाकत होता. लीनहार्टने अलीकडच्या काठावर दुकान मांडलं होतं. हवा स्वच्छ होती. लोक उपाशीपोटी, अनवाणी, प्रार्थना म्हणत येत होते.

वरच्या अंगाच्या खेड्यातली माणसं नावेत चढली. नाव अर्ध्यावर आली असेल, तोच आतली एक बाई उभी राहिली. तिने उल्रिखच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ती काय म्हणाली ते काठावर ऐकू आलं नाही. नावेतले सगळे एकदम उल्रिखपासून दूर, एका बाजूला सरकले. नाव कलली. उल्रिखने वल्ह्याने ती कशीबशी सावरली, त्या माणसांना बुडू दिलं नाही, आणि जोर लावून काठाला आणली.

काठाला लागताक्षणी ती माणसं उतरली आणि उल्रिखकडे वळून उभी राहिली.

"हाच तो," कोणीतरी म्हणालं. एवढंच. ते मोठ्याने म्हणालेलंही नव्हतं. पण काठावरच्या गर्दीतून तो शब्द असा गेला, की थोड्याच वेळात जो तो मान उंचावून पाहू लागला. वाकडं नाक. भुवईतली खाच. तांबडी दाढी. रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला पाहिलेलं तोंड होतं ते. आज, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, ते त्यांच्यासमोर जिवंत उभं होतं.

पहिला दगड कोणी मारला ते कोणाला सांगता आलं नाही.

लीनहार्ट धावला. "थांबा," तो ओरडत होता, "तो नावाडी आहे, आमचा नावाडी आहे." त्याचा आवाज कोणाच्या कानात शिरत नव्हता. लोक प्रार्थना म्हणत होते आणि मारत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गर्दीच्या कडेला त्याला ती म्हातारी दिसली, तीच, दूध देणारी. हातातली काठी ती दोन्ही हातांनी उचलत होती आणि पडलेल्या उल्रिखवर मारत होती. तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. ती रडत होती. आपण फार पुण्याचं काम करतो आहोत, अशी तिची खात्री होती. लीनहार्टने आयुष्यात त्याइतकं भयंकर काही पाहिलं नव्हतं.

तिचा नातू पुढे झाला, त्याने नेम धरून दगड मारला, आणि उल्रिखने तोंड झाकून घेतलं. त्याच्या बोटांमधून रक्त आलं.

लीनहार्ट उल्रिखच्या अंगावर आडवा पडला. त्याच्या पाठीवर, डोक्यावर मार बसू लागला. तेवढ्यात नावेला हाक मारायची जी घंटा काठावर टांगलेली असे, ती घणघणू लागली. ब्रिगिटा दोरीला लोंबकळून ती वाजवत होती. ती थांबली नाही, वाजवतच राहिली. शेवटी एकेक हात खाली आला, एकेक मान वळली, आणि काठ शांत झाला.

लीनहार्ट उठून गुडघ्यांवर बसला.

"ते चित्र मी कोरलं," तो म्हणाला. "त्या चाबूकवाल्याला कोणी पाहिलेलं नाही. मीही नाही. माझं या माणसाशी भांडण झालं होतं, म्हणून मी याचं तोंड त्याला दिलं. चूक माझी होती आणि हा खरं बोलला, एवढाच याचा गुन्हा."

काहींनी हातातले दगड खाली टाकले.

म्हातारीने विचारलं, "मग आम्ही कोणाला मारलं?"

"उल्रिखला," लीनहार्ट म्हणाला. "आत्ता नाव कलली तेव्हा ज्याने तुम्हाला वाचवलं, त्याला."

म्हातारीने हातातल्या काठीकडे पाहिलं. काठीच्या टोकाला तांबडे केस चिकटले होते. तिने ती टाकून दिली नाही. ती तशीच धरून, जणू ती आपली नव्हेच, अशी पाहत राहिली. तिचा नातू तिला बिलगायला आला, तेव्हा पहिल्यांदाच ती त्याच्यापासून मागे सरली. काही माणसं जमिनीवर बसली. मठाकडे त्या दिवशी फार थोडे लोक गेले. बरेचसे आलेल्या वाटेने परतले, एकमेकांकडे न बघता.

उल्रिख वाचला. त्याचा एक डोळा गेला, आणि दुसऱ्याची दृष्टी हळूहळू इतकी अधू झाली, की त्याला पाण्याचा अंदाज येईना. नाव हाकणं संपलं. एल्सला काही समजावून सांगावं लागलं नाही. बापाला घरी आणलं तेव्हा ती त्याच्या शेजारी जाऊन बसली, आणि पुढे कित्येक दिवस तिने त्याचा हात सोडला नाही.

लीनहार्टने त्याच दिवशी ठोकळा चुलीत घातला. नासपतीचं लाकूड सावकाश जळालं. मग तो चित्रं परत आणायला निघाला.

आपण कोरलेलं आपणच गोळा करू, असं त्याला वाटलं होतं. पहिल्याच खेड्यात एका शेतकऱ्याने दार अडवलं. "येशूचं चित्र जाळायला देऊ तुला? माझी मुलगी याच्यापुढे प्रार्थना करून तापातून उठली." दुसरीकडे ते पेटीच्या झाकणाला इतकं घट्ट चिकटलं होतं, की झाकण फोडल्याशिवाय निघेना. तिसरीकडे लोक ऐकून हळहळले आणि म्हणाले, दुसऱ्यांकडचं ने, आमच्याकडचं राहू दे, आम्ही काही कोणाला मारणार नाही. काही गावांतली चित्रं फेरीवाल्यांनी पुढे विकली होती, कुठे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी एक बाई त्याला कबरस्तानात घेऊन गेली आणि एका लहान कबरीकडे बोट दाखवून म्हणाली, "माझ्या लेकराच्या हातात दिलंय. तेवढंच काढून न्यायचं राहिलंय तुमचं."

लीनहार्ट तिथून वर न पाहता निघाला.

त्या म्हातारीने मात्र चित्र स्वतःहून काढून दिलं. देताना तिने त्याला आत बोलावलं नाही.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात एक बारकी गुंडाळी होती. ती घेऊन तो उल्रिखकडे गेला.

"एवढीच मिळाली," तो म्हणाला.

उल्रिखने गुंडाळी चाचपून पाहिली. "आणि राहिली किती?"

"माहीत नाही. मोजली नव्हती."

उल्रिखने गुंडाळी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे या गावाबाहेर मला आता पाऊल टाकता येणार नाही."

"मला क्षमा कर, उल्रिख."

"ते मी करीन," उल्रिख म्हणाला. "आज नाही, पण करीन. माझी क्षमा मिळाली म्हणून ती चित्रं काही भिंतींवरून उतरणार नाहीत. हे तुझं तुला कळलंय का?"

"कळलंय," लीनहार्ट म्हणाला.

लीनहार्टने नंतर कधी लाकडाला हत्यार लावलं नाही. त्याने उल्रिखची नाव हाकायला घेतली, आणि नावेवर जे मिळे ते उल्रिखच्या घरी पोचतं करू लागला. ब्रिगिटा एल्सला रंग कालवायला शिकवू लागली. एल्स फुलं आणि पाखरं रंगवी. माणसं रंगवायला ती तयार होत नसे, आणि ब्रिगिटा आग्रह करत नसे. कधीतरी एका थंडीत उल्रिखने लीनहार्टला घरात बोलावून चुलीपाशी बसवलं, दोघांनी एका ताटात खाल्लं, आणि क्षमा झाली ती अशी.

पुढे उल्रिख म्हातारा होऊन वारला. मग लीनहार्ट गेला. मग ब्रिगिटा. गावातले सगळे, ज्यांना ही हकिकत ठाऊक होती, तेही गेले.

पण डोंगरापलीकडच्या कितीतरी घरांत ते चित्र तसंच राहिलं. पोरं मोठी होत, आईबाप त्यांना गुडघे टेकायला शिकवत, आणि मग त्या वाकड्या नाकाच्या, तांबड्या दाढीच्या माणसाला शिव्या द्यायला शिकवत. त्या तोंडाचा माणूस एकेकाळी नदीवर नाव हाकत होता, कललेली नाव सावरून त्याने लोकांना काठाला लावलं होतं, हे त्यांना सांगायला तिथे कोणीच नव्हतं.

म्हणून, आपला राग देवाच्या नावाने जगात सोडू नये. तो परत बोलावणं आपल्या हाती राहत नाही.